एक्स-मेन पुन्हा वाचताना: कुठून सुरुवात, कोणता खंड, किती वेगाने

मी हे सगळं चुकीच्या टोकाने सुरू केलं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक्स-मेन या अमेरिकी सुपरहिरो कॉमिकचा एक जाडजूड खंड सापडला होता. काळा-पांढरा, वर्तमानपत्रासारखा कागद, शेवटची काही पानं गायब. घरी येऊन उघडला तर पहिल्याच अंकात कॅनडाचे सरकारी सुपरहिरो एका बुटक्या, केसाळ, तिरसट माणसाला परत न्यायला आलेले. तो त्यांच्याकडे आधी काय करायचा, हे बाकीचे कोण, ती पांढऱ्या केसांची बाई आकाशातून का येते, काही पत्ता नाही. तरी वाचत गेले. त्यातच जीन ग्रे नावाची नायिका हळूहळू बिघडते आणि डार्क फिनिक्स होते ती प्रसिद्ध गोष्ट होती. वाचून मी सुन्न झाले आणि आपण ती नीट वाचली, असं समजून चालले.

बऱ्याच वर्षांनी रंगीत खंड हातात आला तेव्हा कळलं की जीनचा पोशाख आधी हिरवा असतो आणि ती बिघडते त्या क्षणी लालभडक होतो. काळ्या-पांढऱ्या पानावर हिरवाही करडा, लालही करडा. गोष्टीतला सर्वांत मोठा बदल माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मला दिसलाच नाही.

म्हणून हा लेख. ज्यांनी लहानपणी एक्स-मेनचे सुटे अंक कुठेतरी पाहिलेत, किंवा नुसते चित्रपट पाहिलेत, आणि आता ती मूळ मालिका पुस्तकरूपात क्रमाने वाचायची आहे, त्यांच्यासाठी. मूळ मालिका म्हणजे ख्रिस क्लेअरमाँटने १९७५ ते १९९१ अशी सलग सोळा वर्षं लिहिलेली. पुढच्या कार्टून मालिका आणि चित्रपट बहुतांशी याच विहिरीवर पाणी भरतात.

आधी हाताशी काय हवं

– एक छोटी वही, किंवा फोनमधली टीप. तीत आपल्याला हव्या असलेल्या अंकांचे आकडे. हे सर्वांत महत्त्वाचं.
– विकत घ्यायच्या खंडाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख-क्रमांक. नुसत्या नावावर मागवू नका, त्याचं कारण पायरी ३ मध्ये.
– जाड उशी किंवा पोथी ठेवायचा चौरंग. मोठे खंड हातात धरून वाचता येत नाहीत, मनगट भरून येतं.
– कागदाच्या अरुंद पट्ट्या, खुणेसाठी. पान दुमडू नका. गुळगुळीत कागदावर घडी पडली की तिथला रंग कायमचा उडतो.
– सिलिका जेलच्या पुड्या. नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्याच. आपल्या पावसाळ्यासाठी.
– मदतीला एखादा शब्दकोश, लागलाच तर. या मालिकेचं इंग्रजी सोपं नाही.

१. १९६३ पासून सुरू करू नका

नवीन माणूस हमखास इथे अडकतो. एक्स-मेनचा पहिला अंक १९६३ चा. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा. शिस्तप्रिय माणूस म्हणतो, पहिल्यापासूनच वाचू. मग दहा-पंधरा अंकांत कंटाळतो आणि पुस्तक कपाटात जातं. ते अंक वाईट आहेत असं नाही. जुन्या वळणाचे आहेत, आणि ती मालिका त्या काळीही फारशी चालली नव्हती. ६६ व्या अंकानंतर, म्हणजे १९७० मध्ये, नव्या गोष्टी थांबल्या. अंक ६७ ते ९३ मध्ये जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या. एक्स-मेन ही तेव्हा अक्षरशः शिळ्या कढीची मालिका होती.

खरी सुरुवात १९७५ च्या ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ क्रमांक १ पासून. लेखक लेन वीन, चित्रकार डेव्ह कॉक्रम. जुनी टोळी एका बेटावर अडकते आणि प्राध्यापक झेवियर जगभरातून नवी माणसं गोळा करतो: जर्मनीतला शेपटीवाला नाइटक्रॉलर, केनियात देवी म्हणून पुजली जाणारी स्टॉर्म, सोव्हिएत सामुदायिक शेतावरचा कोलोसस, आयर्लंडचा बॅन्शी, जपानचा सनफायर, अपाची जमातीचा थंडरबर्ड आणि कॅनडाचा वुल्व्हरिन. लगेच पुढे नियमित मालिकेचा अंक ९४ सुरू होतो आणि लेखणी क्लेअरमाँटच्या हाती येते. तो तेव्हा पंचविशीत होता.

मधला सगळा इतिहास कळायला हवा, अशी हुरहुर असेल तर एक युक्ती सांगते. अंक १३८ हा जवळजवळ पूर्णपणे उजळणीचा आहे. सायक्लॉप्स (खरं नाव स्कॉट) मागे वळून पाहतो आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं त्यात येऊन जातं. तोपर्यंत धीर धरा. तोवर ‘पूर्वी पाच विद्यार्थी होते, त्यातले सायक्लॉप्स आणि जीन हे दोघं पुढेही महत्त्वाचे’ एवढं माहीत असलं की भागतं.

२. कुठल्या रूपात घ्यायचं ते ठरवा

एकच मजकूर चार-पाच वेगवेगळ्या रूपांत मिळतो आणि प्रत्येकाची नावं सारखीच वाटतात. फरक असा.

इसेन्शियल: स्वस्त, जाड, काळे-पांढरे. ही मालिका आता छापली जात नाही, पण जुन्या बाजारात दिसते. पहिल्या खंडात जायंट-साइझ आणि ९४ ते ११९, दुसऱ्यात १२० ते १४४. मला फुटपाथवर मिळाला तो हा दुसरा. रेषा बघायच्या असतील तर यासारखं काही नाही. जॉन बर्नच्या पेन्सिलीवर टेरी ऑस्टिनने शाई फिरवलेली आहे, ती रंग नसताना इतकी स्वच्छ दिसते की चित्रकलेच्या विद्यार्थ्याने हाच घ्यावा. पण पहिल्या वाचनाला घेऊ नका. कारण वर सांगितलं.

मास्टरवर्क्स: देखणे, पातळ, महाग. पहिल्यात ९४ ते १००, दुसऱ्यात १०१ ते ११०, अशा चालीने जातात. दिवाणखान्यात मांडायला छान. वाचायला घेणाऱ्याचा खिसा दुसऱ्या खंडातच कुरकुरतो.

ओम्निबस: आठशेच्या पुढे पानं, पुठ्ठा बांधणी, मोठा आकार. एकदा घेतला की बराच काळ काळजी नाही. किंमत चार आकडी आणि त्यातही वरच्या बाजूची. वजन असं की झोपून वाचताना डोळा लागला तर नाक फुटेल.

एपिक कलेक्शन: कागदी बांधणी, रंगीत, साडेचारशे-पाचशे पानांच्या घरात. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर मांडीवर धरता येतो. माझं मत विचाराल तर नवीन वाचकाने हेच घ्यावेत.

फोनवर किंवा टॅबवरही वाचता येतं. स्वस्त पडतं, जागाही खात नाही. पण या मालिकेत मजकूर भरपूर आहे. टॉम ऑर्झेचोव्स्कीची अक्षरं सुंदर असली तरी बारीक आणि दाट असतात. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचली की पानाची मांडणी हरवते. दहा इंची टॅब असेल तर ठीक, नाही तर कागदच बरा.

३. पैसे देण्याआधी अंकांचे आकडे जुळवा

इथे मी स्वतः पडले, म्हणून जरा थांबून सांगते.

मी मोठ्या हौसेने ओम्निबसचा पहिला खंड मागवला. रोज थोडा थोडा वाचत शेवटाला आले. जीनभोवती जाळं आवळत चाललेलं, हेलफायर क्लबच्या श्रीमंत खलांची नुकतीच ओळख झालेली, आणि पान उलटलं तर पुस्तक संपलं. पहिला ओम्निबस अंक १३१ ला थांबतो. डार्क फिनिक्सची गोष्ट १२९ ला सुरू होते आणि १३७ ला संपते. म्हणजे ऐन रंगात पडदा. दुसरा खंड मागवायला गेले तर तो छापील साठ्यात नाही. विक्रेत्याने ‘लवकरच’ असं सांगून आठ महिने लटकवलं. मास्टरवर्क्सचा चौथा खंडही याच १३१ ला तुटतो, तेव्हा तिथेही सावध.

एपिकमध्ये ही अडचण येत नाही, कारण तोडणी शहाणपणाने केली आहे. मुख्य भाग तीन पुस्तकांत बसतो:

– ‘सेकंड जेनेसिस’: जायंट-साइझ आणि ९४ ते ११०
– ‘प्रोटिअस’: १११ ते १२८
– ‘द फेट ऑफ द फिनिक्स’: १२९ ते १४३

हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. आता यातला सापळा. या पुस्तकांच्या कण्यावर अनुक्रमे ५, ६ आणि ७ असे क्रमांक आहेत. १ ते ४ म्हणजे ही नवी टोळी येण्याआधीचे जुने अंक. ‘पहिला भाग द्या’ म्हणाल तर नेमकं नको असलेलं पुस्तक घरी येईल. आणि हे खंड क्रमाने छापलेही जात नाहीत. ५ नंतर ९ बाजारात येईल आणि ६ चा पत्ता नसेल. म्हणून तिन्ही मिळतील याची खात्री झाल्याशिवाय पहिला वाचायला घेऊ नका. आठ महिने लटकलेल्या बाईचा सल्ला आहे.

आणखी दोन बारीक गोष्टी. एकाच खंडाला दोन वेगवेगळी मुखपृष्ठं असू शकतात, आतला मजकूर तोच. चित्र वेगळं दिसलं म्हणून तेच पुस्तक दुसऱ्यांदा घेणारे लोक मला माहीत आहेत. (एक मीच.) म्हणून आधी आतल्या अंकांचे आकडे जुळवायचे आणि मग मागवताना आयएसबीएन द्यायचा. आणि फक्त डार्क फिनिक्सचा भाग वेगळा काढलेलं सुटं पुस्तक मिळतं. ते भेट द्यायला छान, पण तिथून सुरुवात करू नका. ज्या माणसांना आपण ओळखत नाही त्यांच्या घरचं मरण कितीसं लागणार?

४. पुस्तक आलं की

खोकं उघडताना व्हिडिओ काढायचा विक्रेत्याचा नियम असेल तर पाळा. कोपरे बघा, कणा बघा. मग पुस्तक टेबलावर उभं धरून आधी दोन्ही पुठ्ठे आडवे करा, नंतर पुढून पाच-सात पानं, मागून पाच-सात पानं, असं मध्यापर्यंत हलकेच दाबत या. नवीन जाड पुस्तक एकदम मधोमध उघडलं की कणा कडकन बोलतो. एकदा बोलला की पानं सुटायला लागतात.

पावसाळ्यात गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात. भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. दोन पुस्तकांत बोट जाईल इतकी जागा सोडा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. कसर कडेच्या गोंदाकडे आधी जाते, म्हणून महिन्यातून एकदा पुस्तक काढून पानं फडफडवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करू नका, आतल्या आत घाम धरतो.

५. एका बैठकीला एकच अंक

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही.

खंड हातात आला की कादंबरीसारखा वाचावासा वाटतो. पन्नास पानं, शंभर पानं. असं वाचलंत तर चाळिसाव्या पानापर्यंत तुम्ही वैतागाल. वुल्व्हरिन दर अंकात आपले पंजे कशाचे आहेत ते सांगतो. स्टॉर्मला बंद जागेची भीती का वाटते ते पुन्हा. सायक्लॉप्सच्या डोळ्यांतून किरण निघतात आणि चष्मा काढता येत नाही, हे पुन्हा. जो तो मारामारी करता करता स्वतःचा परिचय देतो. माझा भाचा म्हणाला, ‘‘मावशी, ही माणसं एकमेकांशी बोलतात की आधार कार्ड दाखवतात?’’

त्याचं चुकलं नव्हतं, पण दोष लेखकाचा नाही. बांधणीचा आहे. हे लिहिलं गेलं तेव्हा कुणी ते सलग वाचणार नव्हतं. सुरुवातीला तर अंक दोन महिन्यांतून एकदा यायचा. गोष्टीची पानं अवघी सतरा-अठरा. दुकानातल्या फिरत्या स्टँडवरून एखादं पोर पहिल्यांदाच अंक उचलणार, त्याला मागचं काही माहीत नसणार, आणि ज्याला माहीत आहे तोही साठ दिवसांत निम्मं विसरलेला. त्या पोरासाठी ते परिचय आहेत. कीर्तनकार उत्तररंग सुरू करताना पूर्वरंगाचा धागा पुन्हा हातात देतो, तसंच.

म्हणून दिवसाला एक अंक. रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं. अंक संपला की पुस्तक मिटा. शेवटच्या चौकटीत कुणी कड्यावरून लोंबकळत असेल तर लोंबकळू द्या. क्लेअरमाँट ते लोंबकळणंच लिहितो. ते तुम्ही पान उलटून लगेच सोडवलंत तर त्याच्या कारागिरीतली निम्मी वाया गेली.

एक उदाहरण देते. अंक ११३ मध्ये अंटार्क्टिकाच्या पोटात मॅग्नेटो या जुन्या शत्रूचा तळ कोसळतो. जीन आणि बीस्ट (जुन्या पाचांतलाच एक) एका बाजूला बाहेर पडतात, बाकीचे दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांना वाटतं, दुसरे मेले. पुढच्याच अंकात सायक्लॉप्स स्टॉर्मला सांगतो की जीन गेली तरी मला काहीच वाटत नाहीये. भलतंच वाक्य आहे, प्रियकराच्या तोंडी शोभणारं नाही, आणि म्हणून खरं वाटतं. यानंतर ती ताटातूट मिटते ती १२५ च्या आसपास. तेव्हाच्या वाचकासाठी ते जवळजवळ वर्ष होतं. १९७८ च्या शरदापासून १९७९ च्या शरदापर्यंत. खंडात तुम्ही ते एका रविवारी दुपारी संपवू शकता, आणि मग जीन-स्कॉट पुन्हा भेटतात तेव्हा तुम्हाला काही होणार नाही. मी पहिल्यांदा तसंच केलं. दुसऱ्या वेळी रोज एक असं वाचलं, तर बारा-तेरा दिवस ती माणसं एकमेकांना मेलेली समजताहेत हे डोक्यात राहिलं. भाजी चिरतानासुद्धा.

हिशेब करून बघा. ९४ ते १४३ म्हणजे पन्नास अंक, अधिक जायंट-साइझ. सात-आठ आठवड्यांत होतं. एखादा दिवस चुकला तर चुकू द्या.

६. भाषा अडली तर मोठ्याने वाचा

क्लेअरमाँट लिहितो फार. चित्रात दिसतंय तेच वर चौकटीत, तेच विचारफुग्यात. शिवाय प्रत्येक पात्राची बोली वेगळी छापतो. स्कॉटलंडच्या मॉयराचे उच्चार, आयरिश बॅन्शीचे, पुढे येणाऱ्या अमेरिकी दक्षिणेतल्या रोगचे. शब्दांची स्पेलिंगंच मोडलेली असतात. शब्दकोशात शोधलं तर काही सापडणार नाही. छापील मालवणी पहिल्यांदा वाचताना घाटावरच्या माणसाचं होतं तसं होतं. उपायही तोच: मोठ्याने म्हणा, कानाला कळतं. नाइटक्रॉलरचे जर्मन आणि कोलोससचे रशियन शब्द अडले तर सोडून द्या, संदर्भाने लागतात.

आवाज मात्र सोडू नका. पंजे बाहेर येतानाचं ‘स्निक्ट’ आणि नाइटक्रॉलर नाहीसा होतानाचं ‘बॅम्फ’ हे दोन शब्द या मालिकेने जगाला दिले.

७. वाटेतल्या खुणा

सगळं सांगून मजा घालवत नाही. फक्त कुठे पाय सावकाश टाकायचा ते सांगते.

९५: नव्या टोळीतला एकजण इथे मरतो. नुकताच आलेला. त्या काळी सुपरहिरोंच्या कॉमिकमध्ये हे सवयीचं नव्हतं. दुसऱ्याच अंकात लेखक सांगून मोकळा होतो की इथे कुणाचाही भरवसा धरू नका.

१०० आणि १०१: अवकाशयान, सौरवादळ, आणि पाण्यातून वर येणारी जीन. कॉक्रमचं काम इथे बघा. पोशाखांची त्याला उपजत जाण होती. नाइटक्रॉलर, स्टॉर्म, कोलोसस ही त्याचीच रूपं.

१०८: चित्रकार बदलतो. जॉन बर्न येतो. कॉक्रमचं पान नाटकाच्या रंगमंचासारखं, बर्नचं कॅमेऱ्यासारखं. पहिल्या काही अंकांत फरक जाणवेल, मग विसराल. बर्न लहानाचा मोठा कॅनडात झाला. वुल्व्हरिनला मालिकेतून काढायचा विचार चालला होता तेव्हा आपल्या देशाचा एकुलता एक गडी म्हणून त्याने तो धरून ठेवला. आज ज्याच्या नावावर इतके चित्रपट निघाले, तो असा वाचला.

१२५ च्या आसपास: जेसन विनगार्ड नावाचा मिशाळ, देखणा माणूस जीनच्या जवळपास घुटमळू लागतो. दोन-चार चौकटीच. खलनायकाचं खरं काम इथे, इतक्या आधी सुरू होतं. घाईत वाचणाऱ्याला हा माणूस दिसतच नाही. मग १३० नंतर तो ‘अचानक’ आला असं वाटतं.

१२९: किटी प्राइड. साडेतेरा वर्षांची, भिंतीतून आरपार जाणारी मुलगी. आपण तिच्या डोळ्यांनी ही सगळी विचित्र मंडळी नव्याने बघतो. हाच अंक हेलफायर क्लबच्या एमा फ्रॉस्टचाही पहिला.

१३२ चं शेवटचं पान: गटारात, पाण्यात, एकटा उरलेला वुल्व्हरिन. इथे तरी पुस्तक मिटाच.

१३७: दुप्पट पानांचा अंक. चंद्रावर घडतो. याच्यामागची हकीकत पुढच्या पायरीत.

१४१ आणि १४२: ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’. चित्रपटामुळे लोकांना वाटतं ही केवढी लांबलचक गाथा असेल. दोन अंक आहेत फक्त. आणि त्यात भूतकाळात जाते ती किटी, वुल्व्हरिन नव्हे. त्यातलं भयाण भविष्य २०१३ सालचं आहे. १९८१ मध्ये ते फार लांब वाटलं असणार.

८. १३७ दोनदा वाचा

आधी एकदा सरळ वाचून काढा. आता जे सांगते त्यात शेवट फुटतो, म्हणून तोवर ही पायरी वाचू नका.

जीन मरते हे आज सगळ्यांना माहीत आहे. पण क्लेअरमाँट आणि बर्न यांनी ती मारली नव्हती. त्यांच्या मूळ शेवटात परग्रहवासी तिची शक्ती काढून घेतात आणि ती साधी बाई म्हणून जगते. पानं काढून झाली होती. तेव्हाचा मुख्य संपादक जिम शूटर अडून बसला: हिने १३५ मध्ये एक तारा गिळला, त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे अब्जावधी जीव मेले, आणि ही शिक्षेशिवाय घरी जाणार? त्याच्या हट्टामुळे शेवटची पानं नव्याने लिहिली-काढली गेली. मूळ शेवट १९८४ मध्ये ‘फिनिक्स: द अनटोल्ड स्टोरी’ या नावाने वेगळा छापला. ‘द फेट ऑफ द फिनिक्स’मध्ये तो मागे जोडलेला आहे.

तर छापील शेवट वाचून झाल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि मग तो मूळ शेवट वाचा. मला स्वतःला संपादकाचं पटतं. कॉमिकमध्ये कामगाराच्या बाजूने उभं राहायची आपली सवय आहे, आणि बऱ्याचदा तेच बरोबर असतं. पण इथे साहेबाने योग्य खिळा ठोकला. मूळ शेवट सौम्य आहे, थोडा पळवाटेसारखा. छापील शेवटात जीन स्वतः निर्णय घेते, आणि तिथेच ती पुन्हा जीन होते. तुमचं मत वेगळं पडलं तर आनंद आहे, यावर भांडण्यात चहाची दोन आवर्तनं सहज जातात.

९. १४३ नंतर जायचं की नाही

बर्न १४३ ला सोडतो. बरेच लोक इथेच थांबतात, आणि तीन पुस्तकांवर समाधानी असाल तर थांबायला हरकत नाही. पण १७५ पर्यंत गेलात तर पस्तावणार नाही. कॉक्रम परत येतो, मग पॉल स्मिथ. स्मिथच्या रेषेत हवा खेळते. १९८२ ची ‘गॉड लव्ह्ज, मॅन किल्स’ ही स्वतंत्र चित्रकादंबरी मधे कधीही वाचा, मालिकेच्या क्रमाची तिला गरज नाही. धर्माच्या नावाने परक्यांचा द्वेष पिकवणारा उपदेशक तिच्यात आहे. वाचताना वर्ष तपासून बघावंसं वाटतं. वुल्व्हरिनची फ्रँक मिलरने चित्रित केलेली चार अंकांची जपानमधली मालिका मात्र १७२ च्या आधी संपवा, नाहीतर १७२-१७३ मधलं लग्नघर कळणार नाही.

२०० च्या पुढे वाट फुटते. १९८६ च्या ‘म्यूटंट मॅसकर’पासून एक गोष्ट अनेक मालिकांत विभागून येऊ लागते. तिथे सुटे खंड घेण्यापेक्षा त्या त्या घटनेचा एकत्रित खंड घ्या. १९९१ मध्ये क्लेअरमाँट बाहेर पडला, तेव्हा चित्रकार जिम लीबरोबर काढलेला नव्या ‘एक्स-मेन’ मालिकेचा पहिला अंक ऐंशी लाखांहून जास्त खपला होता. शिळ्या कढीपासून तिथवर. तो शेवटचा टप्पा मला स्वतःला थकलेला वाटतो, पण चित्रांसाठी चाळते.

१०. उसनं देताना

वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि नाव लिहा. नातेवाईक असला तरी. एका वेळी एकच खंड द्या, आणि कण्यावरचा ५ आधी.

माझा सातवा सध्या त्या आधार कार्डवाल्या भाच्याकडे आहे. काल रात्री साडेनऊला त्याचा मेसेज आला: ‘‘मावशी, १३६ झाला. पुढचा आत्ताच वाचू का?’’ मी लिहिलं, दुप्पट पानांचा आहे, आधी जेवून घे.